शिक्षा कृत्याला की चित्रफितीला?

अमेरिकन फुटबॉलमधल्या एखाद्या नामांकित खेळाडूवर मैदानाबाहेरच्या गैरवर्तनाचा आरोप झाला की पहिल्या तासाभरातच सगळा वाद एका आकड्याभोवती गोळा होतो. किती सामन्यांसाठी निलंबित करायचं? दोन म्हणजे थट्टा, सहा म्हणजे ठीक, अख्खा हंगाम म्हणजे न्याय. बायकोला मारलं त्याचे इतके, दारू पिऊन गाडी चालवली त्याचे इतके, मग या नव्या प्रकरणाचे किती? स्टुडिओत बसलेले माजी खेळाडू, वकील आणि पत्रकार अशी घासाघीस करत राहतात, जणू गुन्ह्याचं वजन सामन्यांत मोजायचं कोष्टक कुठेतरी टांगलेलं आहे आणि फक्त वाचणाऱ्याला चष्मा हवा. दुसऱ्या टोकाला बसलेला एक जण दर वेळी म्हणतो, ‘कोर्टात काही सिद्ध झालंय का? मग खेळू द्या ना त्याला!’ गेली दहा-बारा वर्षं हा वाद मी जवळून पाहतो आहे. माणसं बदलतात, नावं बदलतात, पण वाद घालायची पद्धत तीच राहते आणि ती मुळातच चुकलेली आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खेळाडूला निलंबित करायचा अधिकार एनएफएलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगला असावा, न्यायालयाने दोषी ठरवलेलं नसतानाही असावा. पण आज तो ज्याच्या हातात आहे, त्याच्या हातात नसावा. एनएफएलच्या कमिशनरला, म्हणजे लीगच्या प्रमुखाला नेमतात संघमालक, पगार देतात संघमालक आणि गरज पडली तर घरीही पाठवू शकतात संघमालकच. खेळाची बाजारातली पत सांभाळणं हे त्याचं मुख्य काम आहे, आणि त्यात गैर काही नाही. मात्र अशा माणसाला न्यायासनावर बसवलं की तो कृत्यापेक्षा त्याच्या बोभाट्याचं माप घेऊ लागतो. सामन्यांचा आकडा दोनचा सहा किंवा सहाचा सतरा, म्हणजे अख्खा हंगाम केला, तरी हे बदलत नाही.

याचा सगळ्यात ढळढळीत पुरावा २०१४ सालचा आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत अटलांटिक सिटीमधल्या एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) रे राइस याने आपल्या होणाऱ्या बायकोला ठोसा मारून बेशुद्ध पाडलं. चारच दिवसांत लिफ्टबाहेरच्या कॅमेऱ्यातली चित्रफीत सगळीकडे फिरली. दार उघडतं, तो तिला ओढत बाहेर काढतो, तिची शुद्ध हरपलेली आहे आणि निम्मं शरीर अजून लिफ्टच्या आत आहे. मी तेव्हा ती पाहिली होती. आत काय घडलं असेल, याबद्दल शंका यायला जागाच नव्हती. मार्चमध्ये ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आरोप निश्चित केला आणि दुसऱ्याच दिवशी दोघांचं लग्न झालं. मे महिन्यात संघाने दोघांना शेजारी बसवून पत्रकार परिषद घेतली. ‘त्या रात्री आपल्याकडून जे घडलं त्याबद्दल जनेय राइस यांना मनापासून खेद वाटतो,’ अशा अर्थाचा मजकूर संघाच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून प्रसिद्ध झाला. मार खाणाऱ्या बाईचा खेद! पुढे तो मजकूर काढून टाकण्यात आला. जूनमध्ये कमिशनर रॉजर गुडेल यांच्यापुढे सुनावणी झाली. तिथेही ती जबाब द्यायला बसली तेव्हा नवरा त्याच खोलीत होता. घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी हाताळणारा नवखा कर्मचारीसुद्धा असं करणार नाही. जुलैअखेर निकाल लागला: दोन सामने.

त्यावर गदारोळ उठला. ऑगस्टअखेर गुडेल यांनी मालकांना पत्र लिहून आपलं चुकल्याचं कबूल केलं आणि नवा नियम आणला: पहिल्या गुन्ह्याला सहा सामने, दुसऱ्याला कायमची बंदी. त्यानंतर ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतली चित्रफीत बाहेर आली, त्यात ठोसा दिसला. त्याच दिवशी रेव्हन्सने राइसला संघातून काढलं आणि लीगने त्याला बेमुदत निलंबित केलं.

आता मला सांगा, जुलै आणि सप्टेंबर यांच्यामध्ये नेमकं काय बदललं? ठोसा तोच, माणूस तोच, बाई तीच. फेब्रुवारीत जे झालं ते फेब्रुवारीतच झालं होतं. बदललं एवढंच, की जे सगळ्यांना कळलेलं होतं ते आता सगळ्यांना दिसलं. राइसने आधी आपल्याला खरं सांगितलं नव्हतं, असा लीगचा बचाव होता. त्या दाव्याची शहानिशा माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी लवाद म्हणून केली. त्याने लीगची दिशाभूल केली नव्हती, एकाच कृत्याची दुसऱ्यांदा शिक्षा देणं मनमानी आहे, असं म्हणून नोव्हेंबरअखेर त्यांनी बेमुदत निलंबन रद्द केलं. माझ्या ओळखीतल्या अनेकांना तेव्हा संताप आला होता, ‘बघा, सुटला!’ म्हणून. पण न्यायाधीशबाईंनी राइसला स्वच्छ म्हटलंच नव्हतं. ज्याने पहिल्यांदा कमी मोजलं त्याला, लोक ओरडले म्हणून, पुन्हा तराजू हाती घ्यायचा अधिकार नाही, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. राइस त्यानंतर एनएफएलमध्ये कधीच खेळला नाही. त्याचं श्रेय मालकांच्या सदसद्विवेकबुद्धीला द्यायचं असेल तर जरूर द्या, फक्त आदल्या हंगामात त्याची धाव दर प्रयत्नाला सरासरी ३.१ यार्डांवर घसरली होती, हेही लक्षात असू द्या.

आता विरोधी बाजू. ‘सिद्ध झालेलं नाही’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. एनएफएल खेळाडूची सरासरी कारकीर्द तीन-चार वर्षांची मानली जाते. त्यातला एक हंगाम गेला तर कमाईच्या वर्षांचा मोठा लचका गेला, आणि आरोप खोटा निघाला तर तो लचका परत जोडता येत नाही. शिवाय या खेळाला त्या ताकदीचं दुसरं दुकान नाही. एका कारखान्यातून काढलेला कामगार शेजारच्या कारखान्यात जाऊ शकतो, पण एनएफएलमधून बाहेर पडलेल्या क्वार्टरबॅकने (चेंडू फेकून चाल रचणाऱ्या खेळाडूने) जायचं कुठे? आणि लीगचा तपास चुकू शकतो, ही नुसती भीती नाही. डॅलस काउबॉइजचा इझिकिएल एलियट याच्यावर माजी मैत्रिणीला मारहाण केल्याचा आरोप होता; कोलंबस शहराच्या सरकारी वकिलांनी खटला भरला नाही, तरी लीगने २०१७ मध्ये त्याला सहा सामन्यांसाठी निलंबित केलं. पुढे सुनावणीत उघड झालं, की लीगच्याच ज्या महिला तपास अधिकाऱ्याने तक्रारदार महिलेशी स्वतः बोलून तपास केला होता, त्या अधिकाऱ्यालाच निलंबन योग्य वाटत नव्हतं. तिचं मत मात्र निर्णय घेणाऱ्यांपर्यंत नीट पोहोचलंच नाही. मी एलियटला निर्दोष म्हणत नाही, दोषीही म्हणत नाही. ज्या खोलीत निकाल ठरला तिथे तपास करणाऱ्या बाईला खुर्ची नव्हती, एवढंच मला पुरेसं बोलकं वाटतं.

पण यावरून ‘म्हणून लीगने गप्प बसावं’ इथवर उडी कशी मारता येईल? गुन्हा निःसंशय सिद्ध होईपर्यंत आरोपीला निर्दोष मानायचं, हे तत्त्व सरकारच्या हाताला बांधलेला दोर आहे, कारण सरकार माणसाला तुरुंगात टाकू शकतं. नोकरी देणाऱ्यावर तोच दोर बांधायचा, तर मुलांवर हात टाकल्याची तक्रार असलेल्या शिक्षकाला खटला संपेपर्यंत वर्गात उभं करावं लागेल. असं कोणी करत नाही, आणि कोणी सुचवलं तर आपण त्याला वेड्यात काढू. खटला न भरण्याची कारणंही अनेक असतात. साक्षीदार माघार घेतात, पुरावा तोकडा पडतो, तक्रारदाराला भर कोर्टात उलटतपासणीला उभं राहायचं नसतं. कॅरोलायना पँथर्सच्या ग्रेग हार्डीला २०१४ मध्ये न्यायाधीशाने मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरवलं. त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे त्याने ज्युरीपुढे नव्याने सुनावणी मागितली, आणि २०१५ मध्ये सरकारी वकिलांना तक्रारदार सापडेना म्हणून आरोप मागे घेतले गेले. अशा प्रकरणात ‘कोर्टाने सोडलं’ हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरं असतं, पण त्यात किती पाणी असतं?

तर लीगने निर्णय घ्यायलाच हवा. कसा घ्यायचा, हा खरा कळीचा प्रश्न आहे आणि तिथे इतिहास आपल्याला सावध करतो. १९१९ च्या बेसबॉल विश्वमालिकेत पैसे घेऊन हरल्याच्या आरोपातून शिकागोच्या खेळाडूंना ज्युरीने २ ऑगस्ट १९२१ रोजी मुक्त केलं. दुसऱ्याच दिवशी नवे कमिशनर केनेसॉ माउंटन लँडिस यांनी जाहीर केलं, की ज्युरी काहीही म्हणो, आठही जण बेसबॉलमधून कायमचे बाद. खेळ वाचवणारा कठोर माणूस म्हणून लँडिस यांच्या आरत्या आजही ओवाळल्या जातात. त्या निर्णयाचं कौतुक मलाही थोडंफार आहे, कारण विकत घेतलेला सामना हा सामनाच नव्हे. पण ‘खेळाच्या हितासाठी’ वाटेल ते करण्याची मुभा मिळालेल्या याच माणसाच्या जवळजवळ चोवीस वर्षांच्या कारकिर्दीत मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीच्या मैदानावर एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरला नाही. ते मात्र खेळाच्या हिताच्या आड आलं नाही.

दुसरा दाखला महंमद अलीचा. २८ एप्रिल १९६७ रोजी त्याने सैन्यभरतीला नकार दिला आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने त्याचा मुष्टियुद्धाचा परवाना निलंबित केला. तेव्हा त्याच्यावर आरोपपत्रसुद्धा दाखल झालेलं नव्हतं. कारण काय दिलं? त्याचं वर्तन मुष्टियुद्धाच्या हिताला बाधक आहे! पुढे १९७० मध्ये संघीय न्यायालयात अलीच्या वकिलांनी त्याच आयोगाची दप्तरं उघडली, तेव्हा खून, दरोडा, बलात्कार, एवढंच काय लष्करातून पळून जाणं, अशा गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कित्येकांना आयोगाने परवाने दिल्याचं निघालं. न्यायालयाने अलीच्या बाजूने कौल दिला आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षाही रद्द केली. पण तरुण पायांची साडेतीन वर्षं गेली ती गेलीच. ‘खेळाच्या हिताला बाधक’ हा शब्दप्रयोग किती सोयीचा आहे ते यातून दिसतं. एनएफएलच्या नियमांतली भाषाही याच घराण्यातली आहे. आज ती बायकोला मारणाऱ्याविरुद्ध वापरली जाते म्हणून आपण टाळ्या वाजवतो. उद्या ती राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसणाऱ्याविरुद्ध वापरली तर? असं गुडघ्यावर बसणाऱ्या कॉलिन केपर्निकला कोणी निलंबित केलं नाही, हे खरं. त्याला नुसतं कोणी संघात घेतलं नाही. पण मे २०१८ मध्ये मालकांनी खेळाडूंनी मैदानावर उभं राहण्याची सक्ती करणारा नियम संमत केलाच होता. खेळाडू संघटनेने हरकत घेतल्यावर दोन महिन्यांत तो बासनात गेला.

मग आली ‘एकदा हात उगारला की जन्मभर बंदी’ म्हणणारी मंडळी. त्यांचा राग खरा आहे आणि बहुतेक वेळा तो योग्य माणसावर आहे. लाखो मुलं ज्याचं नाव पाठीवर घालून फिरतात, त्याने घरात बायकोला मारायचं आणि रविवारी टाळ्या घ्यायच्या, हे पोटात ढवळून आणणारंच आहे. एनएफएलमध्ये खेळणं हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नाही, हेही मान्य. पण एक गोष्ट ही मंडळी विचारात घेत नाहीत. घरचा सगळा पैसा ज्याच्या करारातून येतो, त्याच्याविरुद्ध तोंड उघडताना त्या बाईच्या मनात काय चालत असेल? तक्रार केली तर तो सहा सामने बसेल आणि तक्रार केली तर त्याची कमाई जन्माची बंद होईल, या दोन शक्यतांपैकी कोणत्या वेळी ती फोन उचलेल? २०१४ नंतर खेळाडूंच्या काही माजी पत्नींनी उघडपणे सांगितलं, की संघाच्या वर्तुळात गप्प राहण्याचा दबाव असायचा आणि पैशाची चिंता त्यात मोठी होती. शिक्षा जितकी प्रचंड, तितकी ती टाळण्यासाठी घरात, संघात, एजंटच्या कचेरीत सगळ्यांची एकी घट्ट. वचक बसतो तो शिक्षा चुकणार नाही या खात्रीने. नियम कागदावर भयंकर असला आणि दर वेळी ‘विशेष परिस्थिती’ म्हणून तो वाकवला गेला, तर त्याला कोण घाबरणार?

मध्येच जुगाराची तुलना येते, तिच्याबद्दल थोडक्यात. मार्च २०२२ मध्ये अटलांटा फाल्कन्सच्या कॅल्विन रिडलीला सामन्यांवर पैसे लावल्याबद्दल किमान एका पूर्ण हंगामासाठी निलंबित केलं. आपण एकूण १५०० डॉलर लावले, असं त्याने स्वतःच सांगितलं. ‘दीड हजार डॉलरला १७ सामने आणि बाईला मारलं तर सहा?’ हे वाक्य तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. वाक्य झणझणीत आहे, पण तर्क कच्चा आहे. खेळाडूने आपल्याच लीगच्या सामन्यांवर पैज लावणं हा खेळाच्या मुळावर घाव आहे आणि तो ओळखणं हे लीगचं अस्सल काम आहे. १९६३ मध्ये पॉल हॉर्नंग आणि ॲलेक्स करास यांना याच कारणासाठी पूर्ण हंगाम बाहेर बसवलं होतं, आणि तेव्हा लीगने सट्टा कंपन्यांशी करार केलेले नव्हते. आज केलेले आहेत, ही गंमत वेगळी. हे काम लीगला जमतं, कारण इथे तिचं हित आणि न्याय एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. घरातल्या मारहाणीच्या बाबतीत ते एकमेकांकडे पाठ फिरवतात. म्हणून तिथे दुसरा माणूस हवा.

२०२० च्या सामूहिक करारात खेळाडू संघटनेने हे अर्धंमुर्धं पदरात पाडून घेतलं. लीग आणि संघटना मिळून एक स्वतंत्र शिस्तपालन अधिकारी नेमतील, निकाल ती व्यक्ती देईल. उत्तम! पण अपील कोणाकडे? पुन्हा कमिशनरकडे किंवा तो नेमेल त्याच्याकडे. या व्यवस्थेची पहिली मोठी परीक्षा क्वार्टरबॅक डिशॉन वॉटसनच्या प्रकरणात झाली. मसाजच्या वेळी लैंगिक गैरवर्तन केल्याचे दावे वीसहून अधिक महिलांनी त्याच्यावर दाखल केले होते. त्याने आरोप नाकारले, आणि टेक्ससमधल्या दोन ग्रँड ज्युरींनी फौजदारी आरोप ठेवले नाहीत. माजी संघीय न्यायाधीश सू रॉबिन्सन यांनी १ ऑगस्ट २०२२ रोजी लेखी निकाल दिला. लीगच्या स्वतःच्या व्याख्येप्रमाणे त्याने धोरणाचा भंग केला आहे, त्याचं वर्तन लीगपुढे आजवर आलेल्या अशा प्रकरणांहून गंभीर आहे, पण आधी सूचना न देता शिक्षेचा दंडक एकदम बदलता येणार नाही, म्हणून सहा सामने. सहा कमी वाटले? मलाही वाटले. पण प्रत्येक पायरीचं कारण कागदावर होतं, त्याच्याशी भांडता येत होतं. लीगने लगेच अपील केलं, आणि अपिलाचा निकाल लागण्याआधीच १८ ऑगस्टला तडजोड झाली: ११ सामने आणि ५० लाख डॉलर दंड.

या प्रकरणात लीगने क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाकडे बोट दाखवलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. महिलांचे दावे न्यायालयात असताना मार्च २०२२ मध्ये या संघाने वॉटसनला घेतलं, त्याच्या बदल्यात नवोदित खेळाडू निवडण्याच्या पहिल्या फेरीतल्या आपल्या तीन संधी दिल्या आणि २३ कोटी डॉलरचा पाच वर्षांचा पूर्ण हमीचा करार केला. त्यात पहिल्या वर्षाचा मूळ पगार होता फक्त १०,३५,००० डॉलर. बिनपगारी निलंबन लागतं ते मूळ पगारावर. ११ सामन्यांत त्याचा पगार बुडाला साधारण ६ लाख ३२ हजार. आमचे करार असेच असतात, असं संघाने सांगितलं. असतील! पण निलंबन येणार हे शेंबड्या पोरालाही दिसत असताना असा करार करणाऱ्या संघाला काय झालं? काही नाही. खेळाडू जितका उपयोगी, तितका संघाचा विवेक लवचिक, हे आपण वर्षानुवर्षं पाहतो आहोत. मग निलंबनाची झळ संघाला का लागू नये? आरोप माहीत असून खेळाडू घेतला आणि पुढे तो निलंबित झाला, तर त्याच्या बुडालेल्या पगाराएवढी रक्कम संघानेही भरावी आणि नवोदितांच्या निवडीतली एखादी संधी गमवावी. करार लिहिणाऱ्यांच्या लेखणीला मग आपोआप वजन येईल.

मालकांचंही असंच. त्यांना खेळाडूंपेक्षा वरचा दंडक लावू, असं धोरणातच लिहिलेलं आहे. इंडियानापोलिस संघाचे तेव्हाचे मालक जिम अर्से यांनी नशेत गाडी चालवल्याची कबुली दिल्यावर २०१४ मध्ये त्यांना सहा सामन्यांचं निलंबन आणि पाच लाख डॉलर दंड झाला, हे लीगच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. पण वॉशिंग्टन संघातल्या महिला कर्मचाऱ्यांच्या छळाच्या तपासानंतर २०२१ मध्ये संघाला एक कोटी डॉलर दंड झाला आणि तपासाचा लेखी अहवाल काही जगापुढे आला नाही. मालक डॅनियल स्नायडर यांनी २०२३ मध्ये संघ ६०५ कोटी डॉलरला विकला. त्याच वेळी दुसऱ्या तपासाचा अहवाल लीगने प्रसिद्ध केला. एका माजी कर्मचारी महिलेच्या लैंगिक छळाचा आरोप त्यात ग्राह्य धरला होता आणि सहा कोटींचा दंड ठोठावला होता. विक्रीची रक्कम आणि दंड यांचा भागाकार ज्याने त्याने करावा.

माझी मागणी फार मोठी नाही. गंभीर आरोप निश्चित झाला की पगारी रजा, ज्याची सोय लीगकडे आजही आहे. निर्णय दोन्ही बाजूंनी नेमलेल्या स्वतंत्र मंडळाचा, अपीलही तशाच दुसऱ्या मंडळाकडे, कमिशनरकडे कदापि नाही. तक्रारदाराचा जबाब आरोपीच्या गैरहजेरीत. आणि निकाल कारणांसह लेखी, तक्रारदाराची ओळख झाकून, सगळ्यांना वाचता येईल असा. यामुळे शिक्षा कधी आपल्याला हवी त्यापेक्षा कमी येईल, कधी जास्त. चित्रफीत असलेल्या आणि नसलेल्या बाईला मात्र एकच माप लागेल.

वॉटसनचे ११ सामने संपले आणि तो मैदानात उतरला ४ डिसेंबर २०२२ रोजी, नेमका ह्युस्टनमध्ये, आपल्या जुन्या संघाविरुद्ध. तक्रार करणाऱ्यांपैकी काही जणी प्रेक्षकांत असतील, असं त्यांच्या वकिलांनी आधीच सांगितलं होतं. चेंडू त्याच्या हातात आला की लोक हुर्यो करत होते. त्याला एकही टचडाउन पास टाकता आला नाही, तरी ब्राउन्स २७-१४ असे जिंकले. सहा हा आकडा का, हे रॉबिन्सनबाईंच्या निकालात आजही वाचता येतं. अकरा का, दहा किंवा बारा का नाहीत, हे सांगणारा असा निकाल कुठेच नाही, कारण तो आकडा कोणी न्यायाधीशाने काढलेलाच नव्हता.